काटेरी बोंड

बेरिलने खुर्चीवरचं वाळकं काटेरी बोंड उचललं, बैठकीच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि मागे सरून नीट पाहिलं. मग ती पुढच्या खुर्चीकडे वळली.

"बेरिल, पुरे आता," क्लिफर्ड म्हणाला. "चल, चहा घेऊ या."

"काम अर्धवट टाकून?"

ऑल्डरस्टो हॉल या लोकांना बघायला खुल्या असलेल्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात तिने कैक वर्षं बिनपगारी राखणदारी केली होती, हौसेने. उमरावांच्या खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून तिथे बोंडं ठेवतात. "पाटी लावली तर पाहुण्यांना अपमान वाटतो, काटा मात्र सगळ्यांना समजतो," असं तीच नव्या माणसांना शिकवायची. आता तिला घरचा रस्ता आठवत नव्हता, नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं. बोंडं तेवढी आठवत होती. घरीसुद्धा ती कुंपणाकडेची बोंडं तोडून आणायची आणि झाडून सगळ्या खुर्च्यांवर मांडायची. उचलली की रडायची. कालचं जेवण क्लिफर्डने ओट्याशी उभ्यानेच उरकलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या जागी नेत जा. म्हणून दर गुरुवारी सहल. कधी पडका किल्ला, कधी मठाचे अवशेष, महिन्यातून एकदा ऑल्डरस्टो. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारा-म्हातारीची काय चैन आहे बघा! चैन म्हणजे सकाळी तिच्या पायांत बूट चढवताना घामाघूम व्हायचं, वाटेत ती दार उघडू लागली की गाडी कडेला घ्यायची, आणि बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर तिची पर्स धरून उभं राहायचं, आत शिरणाऱ्या प्रत्येकीकडे बघून ओशाळं हसत.

आज तर खिशातल्या फोनचंही ओझं झालं होतं. टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. तिथल्या बाई भल्या, त्याच्यासाठी आठवडाभर थांबल्या होत्या. आज चहाच्या वेळेला फोन करते म्हणाल्या. हो किंवा नाही ते सांगा, नाहीतर खोली दुसऱ्याला द्यावी लागेल. गाडी चालवताना वाटभर क्लिफर्डने 'नाही' घोकलं होतं.

खिडकीपाशी आजची राखणदार बसली होती, हेझेल. बेरिलच्याच हाताखाली शिकलेली. ती उठली.

"क्लिफर्ड, माझ्या खुर्चीवर टेका जरा. रंग उडालाय तुमचा."

"छे, छे. मी अगदी ठीक आहे."

"मागच्या खेपेलाही ठीकच होतात. जिन्याचा कठडा सोडत नव्हतात."

"कठडा सुरेख आहे हो. अस्सल ओक!"

हेझेल हसली नाही. बेरिल मात्र हातातलं काम सोडून त्यांच्याजवळ आली आणि क्लिफर्डला आपादमस्तक न्याहाळू लागली.

"तुम्हीच ना ते, गाडी चालवणारे?"

"हो, मीच."

"बघावं तेव्हा उभेच असता." तिच्या कपाळाला आठी पडली. "घरी तुमचं कुणी बघत नाही का?"

क्लिफर्डने तिची पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"आहे ना," तो म्हणाला. "बायको आहे."

"मग तिचं लक्ष कुठे असतं?"

ती तडक शेकोटीजवळच्या निळ्या मखमली खुर्चीकडे गेली. वाड्यातली सगळ्यात जुनी खुर्ची. हिच्यापायी तिने एकदा एका बिशपलाही उठवलं होतं. तिने तिच्यावरचं बोंड उचलून हातात धरलं.

"बसा."

"अगं बेरिल, ही खुर्ची..."

"बसा म्हणते ना! इथे कुणी बसायचं ते मी ठरवते."

क्लिफर्डने हेझेलकडे पाहिलं. हेझेलने पाठ फिरवली आणि खिडकीबाहेरची हिरवळ आयुष्यात पहिल्यांदाच दिसावी तशी बघत राहिली.

तो बसला. खुर्ची कुरकुरली. त्याचे गुडघे, कंबर, डोळे, सगळ्यांनी एकदमच अंग टाकलं. उभा होता तोवर तो नुसता दमलेला होता. बसल्यावर त्याला कळलं की आता आपल्याच्याने होणार नाही.

खिशातला फोन वाजला.

"काय ठरलं मग?" बाईंनी हळूच विचारलं.

बेरिल त्याच्या शेजारी ताठ उभी होती, बोंड हातात घेऊन. तिच्या स्वेटरचं बटण एक घर चुकलं होतं. सकाळी त्यानेच लावलं होतं ते.

"हो," तो म्हणाला. "सोमवारी आणतो तिला."

फोन ठेवला तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

तेवढ्यात दोन पाहुण्या बायका छत्र्या झटकत आत आल्या. मखमली खुर्चीत खांदे पाडून बसलेला म्हातारा बघून एकजण घाईने पुढे झाली. "बरं वाटत नाही का हो यांना?" म्हणत तिने त्याच्या खांद्याकडे हात नेला.

बेरिल मध्ये आली. तिने हातातलं बोंड अलगद क्लिफर्डच्या मांडीवर ठेवलं, बरोबर मधोमध, आणि मागे सरून नीट पाहिलं.

"लांबूनच बघा हं," ती त्या बाईला म्हणाली. "फार जुनं आहे. हात लावलात तर मोडेल."