त्रुटीचं उत्तर

ठराव परत आल्याचं पत्र नवनाथनं दोनदा वाचलं. माळावरच्या वस्तीला पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकायचा गावाचा ठराव पंचायत समितीनं त्रुटी काढून परत पाठवला होता. त्रुटी एकच. वस्तीपासून तीनशे मीटरवर चालू हातपंप आहे, सबब खर्चाची गरज नाही. खाली विस्तार अधिकाऱ्याची सही होती. ती नवनाथचीच होती.

निवडणुका लांबल्या, सरपंचाची मुदत संपली आणि सरकारनं प्रशासक म्हणून नेमकं त्यालाच या गावात आणून बसवलं. त्रुटी काढणारा तो आणि आता गावाच्या वतीनं उत्तर देणाराही तोच. आपलेच दात आणि आपलेच ओठ! चावायचं कुणाला?

समोर मनकर्णाबाई उभी होती. पंचायतीची माजी सदस्य. ठराव तिनंच मांडला होता.

"सायब, आमी सांगून सांगून थकलो," ती म्हणाली. "आता तुमीच तुमाला सांगा की."

कोपऱ्यातला शिपाई फिसकन हसला. नवनाथला राग आला. त्यानं मोबाइलवर नकाशा काढून तिच्यापुढं धरला. "बघा बाई, तीनशे मीटरच आहे."

"व्हय, हाय की. चला."

वस्तीवरून हातपंप खरंच दिसत होता. फक्त मधून कालवा वाहत होता, दोन्ही काठ भरून. पूल कुठं आहे म्हणून विचारलं, तर बाईनं लांब उसाच्या पलीकडं बोट दाखवलं. जाऊन-येऊन चार किलोमीटर. तेवढ्यात पलीकडच्या काठावर तिची सून ऋतुजा दिसली, डोक्यावर भरलेला हंडा, सातवा महिना लागलेला. पुलाचा फेरा तिला आता झेपत नव्हता. कालव्याच्या दाराच्या वीतभर रुंद कठड्यावरून ती एकेक पाऊल टाकत येऊ लागली. ती अलीकडं पोचेपर्यंत नवनाथचा जीव टांगणीला लागला होता. कालवा नकाशातही होताच, एक निळी रेघ म्हणून. त्या रेघेवरून आपण पेन फिरवून मोकळे झालो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

उत्तर त्यानं तिथंच एका दगडावर बसून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "त्रुटी तुमची, उत्तरही तुमचंच? यातला कोणता नवनाथ खरा धरू?"

"कालवा बघून आलेला, साहेब."

साहेब खो खो हसले आणि मंजुरीची सही ठोकून म्हणाले, "बघा, प्रशासक नेमला म्हणून काम झालं. गावावर सोडलं असतं, तर सुचलं असतं का त्यांना हे?"

"ठराव त्यांचाच आहे, साहेब," नवनाथ म्हणाला. "मी फक्त उशिरा वाचला."