मागचं चाक

बाबांचा गवत कापायचा ट्रॅक्टर बारा वर्षं शेडमध्ये गंजत उभा होता. "भंगारात द्या," असं सगळ्यांनी सांगितलं, पण थोरली हट्टाला पेटली. जाम झालेल्या मागच्या चाकाला तिनं तीन दिवस तेल पाजलं, हातोड्यानं ठोकलं, तरी ते ढिम्म हललं नाही. चौथ्या दिवशी दोघी बहिणींनी पाय रोवून असा हिसका दिला, की चाकासकट दोघीही जमिनीवर आपटल्या.

"निघालं गं, निघालं!" चाक उराशी धरून थोरली नाचायला लागली.

तेवढ्यात चाकाचा उघडा पडलेला आस सावकाश फिरू लागला.

"बघ, अजून दम आहे गड्यात!" थोरली ओरडली.

धाकटीचं हसू मावळलं. "ताई, इंजिन तर आपण सोमवारीच काढून गॅरेजला दिलंय."

आसानं वेग घेतला.