तीन तांड्यांची नववी

"माझ्या तांड्यापासनं ह्या माळापातुर दोन पॉइंट सहा किलोमीटर!" रामहरी नायक गाडीच्या मीटरवर बोट ठोकत ओरडला. "आन् कोंडीरामच्या तांड्यापासनं दोन पॉइंट तीन. मंजी माझ्या लेकरांनी तीनशे मीटर जादा तुडवायचं व्हय?"

"मीटरबी तुझ्यावानीच फुगवून सांगत आसंल," कोंडीराम नायक म्हणला.

तिसऱ्या तांड्याचा मुखिया, सहादेव नायक. तो माळावरच्या लिंबाखाली तंबाखू मळत बसला होता. बोलत काहीच नव्हता, पण सहीचा पेन त्यानं खिशात घालून वरून बटण लावलं होतं.

शाळेच्या बाईंपुढं म्हणून तिघं मराठीत भांडत होते. खरा राग आला की गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत जायचे, मग बाईंकडं बघून परत मराठीवर यायचे.

यशोधराबाईंनी घड्याळ बघितलं. तिन्ही तांड्यांवरच्या शाळा त्यांच्या संस्थेच्या. गोरमाटीतून शिकवायच्या, आठवीपर्यंत. पुढं नववीला एकेका तांड्यात सात-सात पोरं. सातांसाठी वर्ग कोण देतं? तिन्ही मिळून एकवीस झाली तर मिळणार होता. फक्त जागा एक ठरवायची आणि तिघांनी एकाच कागदावर सह्या करायच्या.

"पाचच्या आत कागद पाथर्डीच्या कचेरीत पोचला नाही, तर यंदा नववी नाही," बाई म्हणाल्या. चौथ्यांदा.

मागं बायांच्या घोळक्यात दिशा उभी होती. वय सोळा. तिला चिकटून धाकटी बहीण संस्कृती, हातात आठवीचं प्रगतिपुस्तक. त्याचा कोपरा तिनं चावून चावून ओला केला होता. नववी निघाली नाही तर दिवाळीनंतर तिनं ऊस तोडायचा, हे घरात ठरून गेलं होतं. तिच्या हाताच्या मापाचा कोयतासुद्धा आणून ठेवला होता.

पाथर्डीला हायस्कूल होतं की. दिशा गेली होती तिथं, पंधरा दिवस. सरांनी काहीतरी विचारलं, ती घाईत गोरमाटीत बोलून गेली. वर्ग हसला. सरही हसले. दिशानं डस्टर उचलून फळ्यावर असं हाणलं की फळ्याला खोक पडली. मग दप्तर घेतलं आणि बारा किलोमीटर चालत घरी आली. तेव्हापासून कोयता. दोन सालं झाली.

"मदी धरू," कोंडीराम म्हणला. "दीडशे मीटर तुझं, दीडशे माझं. मिटलं."

"तिथं नाला हाय!"

"मग पोरास्नी पवायला शिकीव!"

सगळा माळ हसला. दिशा हसली नाही. तिचं लक्ष बाईंपुढच्या तीन हजेरीबुकांकडं होतं. आपलीच शाळा कशी भारी, हे दाखवायला तिघा नायकांनी आपापलं बुक आणलं होतं. वाऱ्यानं पानं उलटत होती. दिशानं बघितलं. परत बघितलं. मग घोळक्यातून तडक पुढं गेली आणि तिन्ही बुकं उचलली.

"ए दिशे!" रामहरी नायक तिचा सख्खा चुलता. "पंचाईतीत पोरी बोलत न्हाईत. बस खाली. आन् शाळा सोडलेलीनं शाळंचं काय सांगायचं गं?"

"सोडली म्हनूनच सांगती, काका. तुमी कवा गेलता?"

बायांतून कुणीतरी फिसकन हसलं.

दिशानं तिन्ही बुकं मातीत शेजारी शेजारी उघडली आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. "हे तुमचं, काका. लेकरं कवा गायब झाली? दिवाळीच्या तिसऱ्या दिशी. हे कोंडीराम नायकाचं. तिसऱ्या दिशी. हे सहादेव नायकाचं. तिसऱ्या दिशी. परत कवा आली? गुडीपाडव्याला. समदी. एकाच ट्रॅक्टरातनं उतरल्यावानी."

"मग? फडावर गेल्ती," सहादेव म्हणला. दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य. "त्यात नवं काय हाय?"

"मग पाच म्हयने ह्या माळावरच्या शाळंत कोन बसनार? शेरडं?"

बाई खाली वाकल्या. तिन्ही बुकांवर दरसाल त्यांचीच सही होती. पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तांड्यावर बसून केलेली. तिन्ही बुकांतल्या गैरहजेरीच्या लाल रेघा शेजारी शेजारी त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

"मग कुठं म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"घोडेगावच्या पल्याड, कारखान्याच्या तळावर. तिथं आमची कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी. म्होरं कोंडीराम नायकाची. मागं सहादेव नायकाची. तिघांची धुनी एकाच दोरीवर वाळत्यात, पोरं एकाच गोरमाटीत भांडत्यात. तिथं कुनी मीटर लावत न्हाई. दिवाळी ते पाडवा वर्ग तिथं भरवा. बाकीचं म्हयने कुठंबी भरवा, नाल्यात भरवा! आमी येऊ चालत."

संस्कृतीनं प्रगतिपुस्तक तोंडातून काढलं. सहादेवचा हात खिशाच्या बटणावर गेला.

रामहरी मात्र हटला नाही. "येडी का खुळी तू? उसाच्या फडावर शाळा? तिथं भिंत न्हाई, पत्रा न्हाई. कोन बांदनार?"

दिशानं बुकांवरचे दगड एकेक करून उचलले.

"पाचटाच्या दीडशे कोप्या दरसाल कोन बांदतंय, काका? औंदा एक जास्ती."