भर उन्हातला हीटर

“त्या पोरीचे पाय तुम्ही भाजलेत, साहेब.”

मेकॅनिक बोलला तेव्हा त्याचं डोकं बसच्या बॉनेटखालीच होतं.

वाहन विभागाचा साहेब गॅरेजच्या दारात उभा होता. काल दुपारी शाळेच्या या बसमध्ये हीटरचा होज, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी नेणारा रबरी पाइप, फुटला आणि पुढच्या सीटवरच्या मुलीच्या पायांवर उकळतं पाणी उडालं. बस मेकॅनिकची धाकटी बहीण चालवत होती. आता चौकशीची माणसं येणार होती. भर उन्हात हीटर लावणारी बिनडोक ड्रायव्हर, एवढंच त्यांना सांगायचं साहेबानं ठरवलं होतं. तिची नोकरी जाणार, लायसनही जाणार. मेकॅनिकला हुकूम होता की माणसं यायच्या आत सगळे होज नवे बसव, जुने भंगारात टाक.

वर्षभर मागून न मिळालेले होज आज तासाभरात आले होते.

मेकॅनिकनं रेडिएटरचा वरचा होज पिळून काढला. तोंडाशी मऊ पडलेला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. साहेबाच्या सांगण्यावरून ती त्यानंच गुंडाळली होती. तरी पाणी गळायचं, इंजिन तापायचं. तापलं की हीटर पूर्ण लावायचा, थोडी उष्णता तिकडून निघते, गाडी कशीबशी पोचते. ही युक्ती साहेबाचीच. साहेब व्हायच्या आधी तोही इथेच पाना घेऊन राबायचा. मेकॅनिकला काम त्यानंच शिकवलं.

साहेबानं सूर बदलला. बहिणीला दुसरीकडे कुठेतरी चिकटवून देतो, म्हणाला. वर हसला. “नवे होज मिळाले ना तुला? मग आता तोंड कशाला फुगवतोस?”

मेकॅनिकनं हीटरचा होज ओढून काढला. बोटभर चीर. भंगाराच्या डब्याकडे तो गेलाच नाही. दोन्ही जुने होज त्यानं बंपरवर ठेवले, आत येणाऱ्याला आधी तेच दिसावेत असे. नवे खोक्यातच राहिले.

बाहेर गाडी थांबली. साहेब घाईघाईनं बंपरकडे झेपावला. मेकॅनिक आडवा आला.

“काल रस्त्यातून माझ्या बहिणीचा तुम्हाला फोन आला. गाडी तापलीय, मुलांना खाली उतरवू का, विचारत होती. मी तुमच्या शेजारीच उभा होतो.”

पावलं दारापर्यंत आली. मेकॅनिकनं आवाज खाली आणला नाही.

“बोला, उस्ताद. उतरवू नकोस, हीटर लाव, असं तिला कोण म्हणालं?”