जास्तीचं वजन

“उडी मार,” कप्तान एल्डरिक म्हणाला.

ज्युएलाने किनाऱ्याकडे पाहिलं. तो अजून बराच लांब होता.

“आत्ता?”

“नाही, पुढच्या नाताळात. मार म्हणतो ना!”

तिने उडी मारली. तिच्या आधी टॅक्सीवाला ऑस्बर्न पाण्यात गेला होता, तिच्यामागून शाळेतली शिक्षिका लिओना पडली. हलकी झालेली बोट शीड फुगवून निघून गेली. तिघं पोहत मागे राहिली.

कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटावर शिडाच्या बोटींच्या शर्यती अशाच होतात. वाऱ्याच्या विरोधात जाताना बोट उलटू नये म्हणून वजन लागतं, वाळूच्या पोत्यांचं आणि माणसांचं. परतताना वारा पाठीशी आला की तेच वजन ओझं होतं. मग आधी पोती पाण्यात जातात, नंतर माणसं.

बेटावरची तरुण मंडळी हॉटेलांच्या नोकऱ्यांत गेली, तशा अर्ध्या बोटी पुळणीवर वाळत पडल्या. ईस्टर संपल्यावर एल्डरिकने नारळाच्या झाडाला एक फळी ठोकली : ‘नवशिके हवेत. पोहता आलं की झालं.’

ही तिघं आली. एल्डरिकने त्यांना मासे तोलायच्या काट्याला एकेक करून लोंबकळायला लावलं आणि नियम सांगितला. जड तो आधी.

“आणि तुम्ही, कप्तान?” ज्युएलाने विचारलं.

“कप्तानाला कोण तोलतं?”

तो मागे सुकाणूपाशी बसला की बोटीचं नाक वर उचललं जायचं.

ज्युएला हॉटेलात स्वयंपाकीण होती. तिच्या आजोबांची शर्यतीची बोट होती. भावांना ती चालवायला मिळाली, तिला धुवायला.

“मला सुकाणू शिकायचंय,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

“आधी बसायला शीक.”

सुकाणू हातात यायचं ते फक्त एल्डरिकच्या जेवणाच्या वेळी. “धर जरा,” म्हणून तो शंखातल्या मांसाच्या सुपाचा डबा मांडीवर घ्यायचा. त्याची भूक नेमकी वारा वाढला की जागी व्हायची.

“लाट तिरकी घे, लाट! सांडतंय!”

“झाकण लावा ना मग.”

“हरवलंय.”

त्याचा जुना साथीदार बर्टिल तर शिडाचे दोर ऑस्बर्न आणि लिओनाच्या हातात कोंबून, टोपी तोंडावर ओढून सरळ घोरायचा.

“आपण काय यांचे नोकर आहोत?” लिओना कुजबुजायची.

जुलैत एकदा खवळलेल्या पाण्यात, वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या बोयाला वळसा घालून बोट परत फिरली, तेव्हा एल्डरिकचं सूप थेंबही न सांडता संपलं होतं.

“मीठ कमी होतं,” एवढंच तो म्हणाला. मग त्याने तिघांना पाण्यात उतरवलं.

ज्युएला ओल्या केसांनी कामावर गेली की स्वयंपाकघरातल्या बायका वाटच बघत असायच्या.

“आज पण फेकलं?”

“आमचीही नावं देणार होतीस ना गं त्या बोटीसाठी?”

त्यांच्यातली वयाने मोठी इव्हलिन एक दिवस कढई घासता घासता म्हणाली, “हे बघ. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या मोठ्या शर्यतीत सगळ्या बेटासमोर शेवटपर्यंत बोटीत राहा. मग आम्ही सगळ्या शिकायला येतो. नाही राहिलीस, तर पोत्यांचं काम पोत्यांना करू दे.”

“राहीन,” ज्युएला म्हणाली.

शर्यतीच्या सकाळी पुळणीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एल्डरिकच्या बोटीचं नाव होतं ‘बोलू दे त्यांना’. शेजारच्या बोटीचा कप्तान हेस्टन बोलायलाच आला.

“काय एल्डरिक, या वर्षी बोलकी पोती?”

“मुकी महाग झाली.”

“ही बाई सुकाणूवर बसलेली दिसली होती मला. सुरुवात कप्तानाच्याच हातून व्हावी लागते, नाहीतर बोट बाद. पंचांच्या कानावर घातलंय मी.”

“सुरुवात ना? बरं.”

आज सुपाचा डबा नाही, हे ज्युएलाच्या लक्षात आलं. म्हणजे आज सुकाणूही नाही. ती एल्डरिकसमोर उभी राहिली.

“कप्तान, आज मी उडी मारणार नाही.”

“बोटीचा नियम काय?”

“तुमचा नियम तुम्ही पाळा. मला उचलून फेकावं लागेल.”

एल्डरिकने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बस,” तो म्हणाला.

जाताना सगळं नेहमीसारखं झालं. एल्डरिकने सुकाणू सोडलं नाही, बर्टिल एकदाही झोपला नाही, नवशिकी तिघं कडेला लोंबकळून वजन देत राहिली. शेवटच्या बोयाला हेस्टनची बोट अर्ध्या बोटीने पुढे होती. वारा पाठीशी आला. दोन्ही बोटींतून पोती पाण्यात पडू लागली. मग हेस्टनची माणसं पडू लागली आणि त्याची बोट आणखी पुढे सरकली.

किनाऱ्यावरचा आरडाओरडा आता ऐकू येत होता.

“नियम!” एल्डरिक ओरडला.

ऑस्बर्न सवयीने उठला. ज्युएलाने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

“कुणी हलणार नाही! खड्ड्यात गेला नियम!”

“जड तो आधी,” एल्डरिक शांतपणे म्हणाला. “धर जरा.”

तिचा हात सवयीने सुकाणूवर गेला. बर्टिलने दोर ऑस्बर्नच्या हातात दिले आणि आपली टोपी लिओनाच्या डोक्यावर ठेवली.

पाण्यात दोन मोठे आवाज झाले. बोटीचं वर उचललेलं नाक खाली आलं आणि ती सपकन पुढे झेपावली.

मागे लाटांमधून एल्डरिकचं डोकं वर आलं.

“सूप सांडू नकोस!”