कोंडाजीच्या गोठ्यातला धोंडा

कोंडाजीची म्हैस गोठ्यातल्या त्या एका धोंड्याला बांधल्याशिवाय पान्हाच सोडत नसे. धोंड्यावर घोडेस्वार कोरलेला होता. तो जुना वीरगळ आहे, असं लोणावळ्याच्या फाटक मास्तरांनी शोधून काढलं आणि चार गडी लावून तो आपल्या नव्या संग्रहालयात नेऊन उभा केला. त्याच संध्याकाळी म्हशीने दूध बंद केलं.

"मास्तर, धोंडा तेवढा माघारी द्या. नातू दुधाबिगर हाय माजा."

"नोंदवहीत चढलेली वस्तू दाराबाहेर जात नाही, कोंडाजी. नियमच आहे तसा."

"मंग म्हस आत आनू का?"

मास्तरांनी नियम दोनदा वाचले. म्हैस आत आणू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून कोंडाजी रोज सकाळी आपल्या वलवण गावाहून म्हैस हाकत यायचा, तलवारी आणि ताम्रपटांच्या मधून तिला सांभाळून न्यायचा आणि वीरगळापाशी उकिडवा बसून धार काढायचा. महिन्याभराने पुण्याहून सरकारी खात्याचे गोरे साहेब तपासणीला आले. तलवारींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. धार निघेपर्यंत म्हशीपुढे उभे राहिले, नोंदवही मागवून तिच्यात काहीतरी लिहिलं आणि खूश होऊन गेले.

कोंडाजीने चरवी उचलली, म्हैस सोडली आणि निघाला, तर दारात मास्तर आडवे.



"म्हैस वहीत चढली, कोंडाजी," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तिच्या खालच्या ओळीत तुम्ही."