रंगाचे दोन हात

नाताळाआधी वरच्या मजल्यावरच्या यादविगा आजींचा खोली तापवणारा गंजका रेडिएटर मी चंदेरी रंगाचे दोन हात मारून चकचकीत करून दिला. "नवरदेव केलास रे त्याचा!" म्हणत आजींनी माझे गाल कुस्करले.

जानेवारीत आमच्या बफेलो शहराचा पारा उणे पंचवीसवर उतरला. तळघरातला बॉयलर असा पेटला, की वाफेच्या उष्म्यानं आम्ही खिडक्या उघडून बसलो. तरी आजी वरून दिवसभर पाइपवर चमचा बडवत होत्या.

"आजी, अजून किती वाफ हवी? आम्ही इथं उकडून निघालोय!" मी ओरडलो.

सकाळी पाहिलं, तर तीन रजयांखाली आजी गारठून मेल्या होत्या.



बॉयलरवाल्या काझिकनं आजींच्या थंडगार रेडिएटरच्या झडपेवरचा चंदेरी रंग नखानं खरवडला. "इथून हवा बाहेर पडली, तरच वाफ आत येते. हे भोक बुजवलं कुठल्या गाढवानं?"